ऑफिसला सायकलने जायचंय: रस्ता, घाम, पार्किंग, पाऊस

अनघा_आनंदनगर | ११ फेब्रुवारी

मंडळी, मार्चपासून ऑफिसला सायकलने जायचं ठरवलंय. घर पुण्यात आनंदनगरला, ऑफिस शिवाजीनगरला कोर्टाजवळ. एका बाजूचं अंतर साधारण नऊ किलोमीटर. आजवर स्कूटरने जात आले. सायकल मला नवी नाही, रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन येते. पण तो पहाटेचा मोकळा रस्ता आणि अंगात ट्रॅकपँट. कामाच्या दिवशी सकाळी नऊला डबा, लॅपटॉप आणि ऑफिसचे कपडे सांभाळत जायचं हे वेगळं प्रकरण आहे. त्याची माहिती एका जागी कुठे सापडली नाही, म्हणून हा धागा.

सायकल हायब्रिड (रोडबाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली), गिअरची, टायर ७०० बाय ३५. ऑफिसात अंघोळीची सोय नाही. पार्किंग तळघरात, तिथे बाइकची दाटी. "सायकल कुठे लावणार मॅडम?" असं वॉचमनकाकांनी आत्ताच विचारून ठेवलंय.

मला हे मनापासून जमवायचं आहे. सकाळी राजाराम पुलाच्या चौकात कितीतरी गाड्या धूर सोडत उभ्या असतात, बहुतेकींवर एकेकटा माणूस, आणि त्यातली एक मी. त्या गर्दीतली एक गाडी तरी कमी करायची आहे. जे कोणी खरंच रोज जातात त्यांनी सविस्तर लिहा. फायदे सांगू नका, ते माहीत आहेत. कसं करायचं ते सांगा.

टॉपट्यूब | ११ फेब्रुवारी

कुठलं आनंदनगर? सिंहगड रस्त्याचं की पौड रस्त्याचं?

अनघा_आनंदनगर | ११ फेब्रुवारी

सिंहगड रस्त्याचं.

टॉपट्यूब | ११ फेब्रुवारी

मग ऐका, मी हिंगण्याहून डेक्कनला जातो, तुमचा अर्धा रस्ता माझाच आहे.

सिंहगड रस्त्याने सरळ दांडेकर पुलापर्यंत जायचा विचार सोडून द्या. स्कूटरला तो जवळचा वाटतो, सायकलला नाही. राजाराम पुलावरून नदी ओलांडा आणि डीपी रस्त्याने म्हात्रे पुलाशी या. सकाळी हा रस्ता बराच मोकळा मिळतो. दोन्ही बाजूंना लग्नाची लॉन्स आहेत, त्यामुळे लग्नसराईत संध्याकाळी गाड्यांच्या दुहेरी रांगा लागतात. वरात आडवी आली तर उतरून शांतपणे चालत पुढे जायचं, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.

म्हात्रे पुलापासून दोन पर्याय. नदीपात्रातला रस्ता थेट भिडे पुलाकडे काढतो, मध्ये सिग्नलची कटकट नाही, पण दुचाक्या सुसाट असतात. दुसरा म्हणजे मेहेंदळे गॅरेजवरून कर्वे रस्ता ओलांडायचा आणि प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता यांच्या मधल्या गल्ल्यांतून जायचं. मी हाच घेतो. अंतर थोडं वाढतं, पण डोक्यावर झाडं असतात आणि गल्लीत कोणी जोरात गाडी मारत नाही. पुढे फर्ग्युसन रस्ता. तो एकेरी आहे आणि तुमच्या दिशेचाच. परतताना जंगली महाराज रस्ता.

आणखी एक, हे नकाशात चटकन लक्षात येत नाही. मुठा खडकवासल्याकडून संगमाकडे वाहते आणि तुम्ही सकाळी तिच्या प्रवाहाच्या दिशेने जाता. म्हणजे जाताना एकंदर उतार, येताना चढ. अगदी सौम्य, पण पायांना कळतो. तुमचा जास्तीचा घाम घरी परतताना निघणार, जिथे अंघोळ आहे. शिवाजीनगरहून आनंदनगरला नोकरीला येणाऱ्याचं याच्या बरोबर उलट होतं. एप्रिल-मेमध्ये मात्र संध्याकाळी पश्चिमेचा वारा समोरून येतो. तेव्हा हट्टाने वेग धरू नका, हलका गिअर टाकून आरामात या.

आधी एखाद्या रविवारी हा रस्ता करून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. रविवारी कळतात ती फक्त वळणं. गर्दी कुठे तुंबते, शाळेच्या बस कुठे थांबतात, हे कामाच्या दिवशीच कळतं. एक दिवस रजा असेल तेव्हा ऑफिसच्याच वेळेला निघून पाहा.

छत्तीसआरे | १२ फेब्रुवारी

रस्त्याचं टॉपट्यूबनी छान सांगितलं. मी सायकलबद्दल लिहितो.

पहिली तपासणी सीटच्या उंचीची. रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्या सायकलींची सीट खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं वाटतं. तशी सीट ठेवली की नऊ किलोमीटरमध्ये गुडघे बोलायला लागतात. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली न्या. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं.

दुसरं, हवा. टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. ३५ च्या टायरला साधारण ५० ते ७० पीएसआयच्या दरम्यान ठेवा, वजन जास्त असेल तर वरच्या बाजूला. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यात अर्थ नाही, ४० आणि ६० मधला फरक बोटाला नीट कळत नाही. मीटरवाला उभा पंप घरात घेऊन ठेवा, आठवड्यातून एकदा हवा भरा. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. आपल्याकडे खिळ्या-काचांइतकीच पंक्चर यानेही होतात.

व्हॉल्व्ह कुठला आहे ते बघून ठेवा. स्कूटरसारखा जाड असेल तर पेट्रोलपंपावरही हवा भरता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला असेल तर तो प्रेस्टा. पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसत नाही. सायकलच्या दुकानात पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, अगदी किरकोळ किमतीचा. तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाका. बरोबर एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), छोटा पंप. ट्यूब बदलायला घरी बसून शिका, विशेषतः मागच्या चाकाची, कारण तिथे चेन आणि डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) बाजूला करावं लागतं.

गिअरबद्दल एकच सवय लावा. सिग्नल लाल दिसला की थांबण्याआधी हलक्या गिअरवर या. असा गिअर पॅडल फिरत असतानाच बदलतो. जड गिअरवर थांबलात तर हिरवा झाल्यावर सायकल हलत नाही आणि मागचा हॉर्न सुरू होतो.

अनघा_आनंदनगर | १२ फेब्रुवारी

छत्तीसआरे, सीट दोन इंच वर घेतली. फरक सोसायटीच्या एका फेरीतच कळला. व्हॉल्व्ह प्रेस्टाच निघाला.

मीनल_एरंडवणे | १२ फेब्रुवारी

अनघाताई, घामाचं आणि कपड्यांचं मी लिहिते, मी पंजाबी ड्रेसवरच जाते.

अंगावर घालून गेलेल्या कपड्यांवर दिवस काढायचा नाही, हे पक्कं ठरवा. सुती टीशर्ट घालून जा, ऑफिसात पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं पंख्याखाली बसा. घाम थांबायच्या आत कपडे बदलले की बदललेलेही भिजतात. मग ओल्या नॅपकिनने मान, पाठ, काखा पुसून कुर्ता बदला. सोमवारी तीन कुर्ते घडी करून न्यायचे आणि खणात ठेवायचे. इस्त्री टिकवायची असेल तर घडी न घालता गुंडाळी करून न्या. ओढणी सायकलवर असताना गळ्यात नको, पिशवीत. ती मागच्या चाकात गेली तर माणूस खाली ओढला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सलवार किंवा सैल पँट असेल तर उजव्या पायाच्या घोट्याशी रबरी पट्टा बांधा, नाहीतर चेनचं काळं ग्रीस लागतं आणि ते सुटत नाही.

पाठीवर सॅक घेऊ नका. पाठीचा सगळा घाम सॅकमुळे येतो. मागे कॅरिअर बसवून घ्या आणि बाजूला अडकवायच्या बॅगा घ्या. लॅपटॉप एका बाजूला, डबा आणि कपडे दुसऱ्या बाजूला. लॅपटॉपच्या खाली जुन्या टॉवेलची घडी ठेवा, स्पीडब्रेकरचे हादरे तिथे जिरतात.

बायकांसाठी आणखी एक, जे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. हायब्रिड सायकलला येणारी अरुंद सीट आपल्याला त्रास देते. मागे थोडी रुंद आणि मधे खाच असलेली सीट मिळते, ती मागा. सीटचं पुढचं टोक वर झुकलेलं नको. गादीची चड्डी नऊ किलोमीटरला लागत नाही.

कात्रजकर७ | १३ फेब्रुवारी

मी विरोधात लिहितोय, राग मानू नये.

माझ्या जवळच्या मित्राला कामावरून येताना एका बसने दाबत नेलं. खांद्याचं हाड मोडलं, नोकरीवर परत जायला अर्धं वर्ष लागलं. तो पट्टीचा सायकलस्वार होता. त्यामुळे "काळजी घेतली की झालं" हे मला पटत नाही.

सातारा रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटीबरोबर (बससाठीच्या राखीव मार्गाबरोबर) सायकल ट्रॅक केले. मी त्यांवरून चालवून पाहिलंय. थोडं पुढे गेलं की मधेच झाड, मग विजेची पेटी, मग टपरी, मग लावलेल्या बाइक. शेवटी उतरून मुख्य रस्त्यावरच यावं लागतं. २०१७ मध्ये महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. तो प्रत्यक्षात दिसेपर्यंत, घरी मुलंबाळं असलेल्या माणसाला या रहदारीत ढकलणं मला बरोबर वाटत नाही.

अनघा_आनंदनगर | १३ फेब्रुवारी

राग अजिबात नाही. भीती मलाही आहे आणि तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं.

पण एक सांगते. सकाळी सहाला आमच्या सोसायटीत पेपर टाकणारा मुलगा सायकलवर येतो. रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले धायरीहून सायकलवर येतात. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचे यजमान बांधकामावर सायकलनेच जातात, पाठीला घमेलं बांधून. त्यांना कोणी "ट्रॅक होईपर्यंत थांबा" म्हणत नाही, कारण त्यांना थांबता येत नाही. हा रस्ता आजही सायकलींचा आहे, फक्त आपण त्या सायकली मोजत नाही. आमच्यासारख्या आणखी काहीजणी रस्त्यावर आल्या तर निदान मोजल्या तरी जातील, असं मला वाटतं.

छत्तीसआरे | १३ फेब्रुवारी

कात्रजकर, तुमचा मुद्दा खोडत नाही. धोका आहेच. तो कुठून येतो हे माहीत असलं तर बराच कमी करता येतो, म्हणून लिहितो.

डाव्या कडेला चिकटून चालवणं सुरक्षित वाटतं, पण तिथेच सगळे सापळे असतात: वाळू, काचा, चेंबरच्या जाळ्या, आणि उभ्या मोटारींची दारं. उभ्या गाडीपासून एक मीटर अंतर ठेवा. त्यामुळे मागच्याला हॉर्न मारावासा वाटला तरी चालेल. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने असतील तर बारीक चाक त्यात बसतं. अशा जाळ्या तुमच्या रस्त्यावर कुठे आहेत ते पहिल्याच आठवड्यात पाठ करा.

मोठ्या बसच्या आणि ट्रकच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. थांब्याला थांबलेली असो, सिग्नलला असो, मागे थांबा. ड्रायव्हरचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. बस डावीकडे वळली की मधल्या जागेत अडकलेल्या माणसाला वाट उरत नाही.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर मधोमध जाऊ नका. सरळ पलीकडे जा, तिथे कडेला थांबा, तिकडचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर निघा. मिनिटभर जास्त लागतं. आणि वळायच्या आधी हात दाखवा, ठळक, पूर्ण लांब. आपल्याकडे लोक हात दाखवलेला मानतात, हा माझा अनुभव आहे.

सायकलवर हेल्मेट घालायची कायद्याने सक्ती नाही, तरीही घाला. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

आकुर्डीकर_निवृत्त | १४ फेब्रुवारी

धागा वाचून राहवलं नाही. मी सत्तरीच्या पुढे आहे.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा कामावर सायकलने जाणं ही बातमी नव्हती. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, सगळीकडे पाळी सुटायचा भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा आणि मुंबई-पुणे रस्ता भरून जायचा. बावीस इंची काळी सायकल, हँडलला डब्याची पिशवी, मागे कॅरिअरवर भाजी. कंपनीत सायकलचा स्टँड स्कूटरच्या स्टँडपेक्षा कितीतरी मोठा. साहेब लोकांपैकीही पुष्कळजण सायकलने यायचे, कारण स्कूटर नोंदवली तरी वर्षानुवर्षं नंबर लागत नसे.

पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला असायचा. कर भरला की मिळायचा आणि तो सायकलला लावावा लागायचा. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवत, डबलसीटला अडवत. माझ्या डायनॅमोचा दिवा चढावर मंद व्हायचा आणि उतारावर झगझगीत. म्हणजे जेव्हा पोलीस आम्हाला रस्त्यावर पकडत, तेव्हा रस्ता आमचाही आहे हे ते मान्यच करत होते.

बदल झाला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. १९८५ च्या आसपास जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या, लिटरला भरपूर पळणाऱ्या. हप्त्यावर मिळायला लागल्या. पाच-सात वर्षांत आमच्या स्टँडमधल्या रांगा विरळ झाल्या. कोणी सायकल सोडायला सांगितलं नव्हतं. गाडी आली, पगार वाढला, मुलांना शाळेत सोडायचं होतं, कारणं खरी होती. पण जाताना सायकलबरोबर स्टँड गेले, हवा भरणारे गेले, कोपऱ्यावर तासाने सायकल देणारी दुकानं गेली. अनघाताई ज्या अडचणी लिहितात त्या बहुतेक या गेलेल्या गोष्टींच्या आहेत.

पार्किंगबद्दल माझा सल्ला. वॉचमनशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. ऑफिसच्या व्यवस्थापनाला लेखी द्या. सायकलला वजन नाही, ती जिन्याखाली, खांबाच्या मागे, जिथे बाइक वळत नाही तिथे राहते. अशी जागा आधी स्वतः शोधा आणि अर्जात तीच मागा.

अनघा_आनंदनगर | १४ फेब्रुवारी

काका, खूप छान लिहिलंत. सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांनी त्यांचा बिल्ला अजून ठेवलाय, कपाटातून काढून दाखवला. अर्ज आजच देते. जनरेटरच्या मागे एक कोपरा आहे, तिथे बाइक जाऊच शकत नाही.

आयंडहोवनहून | १५ फेब्रुवारी

इथे नेदरलँड्समध्ये मी रोज सायकलने कामावर जातो, म्हणून दोन शब्द.

इथलं सगळं आयतं होतं असं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथेही रस्ते मोटारींनी भरले होते, अपघातात मुलं मरत होती. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, आणि हळूहळू धोरण फिरलं. आज उट्रेख्त स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली लावायची जागा आहे. सायकलने कामावर येणाऱ्याला कंपनी दर किलोमीटरला भत्ता देऊ शकते आणि २०२४ पासून किलोमीटरमागे २३ सेंटपर्यंत त्यावर कर लागत नाही.

तुम्हाला लगेच वापरता येण्यासारखं म्हणजे वेग. इथे कोणी कामावर जाताना शर्यत करत नाही. ताठ बसायची सायकल, रोजचे कपडे, ताशी पंधराच्या आसपास. बाहेर थंडी असते हे खरं, पण घाम न येण्याचं मोठं कारण हळू चालवणं हे आहे. नऊ किलोमीटरला ३५ ते ४० मिनिटं धरा आणि तेवढा वेळ आधी निघा.

मीनल_एरंडवणे | १५ फेब्रुवारी

हेच मी सांगायचं राहिलं. आठला निघालात तर ऊनही कमी आणि गर्दीही.

डोंबिवली_फास्ट_नाही | १६ फेब्रुवारी

आमच्याकडे लोकलमध्ये सायकल नेता येत नाही, त्यामुळे घर ते स्टेशन एवढीच सायकल. तेवढीही पुरते. रिक्षाची रांग सुटली. फक्त स्टेशनबाहेर दिवसभर ठेवायची म्हणून जुनी, रंग उडालेली सायकल मुद्दाम वापरतो. कुलूप कसं लावायचं यावर कोणी लिहा.

छत्तीसआरे | १६ फेब्रुवारी

नुसतं चाक बांधू नका. यू आकाराचं कुलूप मागचं चाक आणि फ्रेम दोन्हींतून घेऊन लोखंडी ग्रिलला. पुढचं चाक हाताने सुटणारं असेल तर त्यातून केबल. तारेचं कुलूप एकटं उपयोगाचं नाही, कटरने सेकंदात तुटतं. सायकल उलटी केली की पॅडलच्या मधल्या जोडाखाली कोरलेला फ्रेम नंबर दिसतो. त्याचा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. चोरी झालीच तर पोलीस पहिल्यांदा तोच मागतात.

अनघा_आनंदनगर | ४ मार्च

मंडळी, जाऊन आले!

आठला पाच कमी असताना निघाले. राजाराम पूल ओलांडेपर्यंत हात हँडलवर आवळलेले होते. डीपी रस्त्याला लागल्यावर सैल झाले. रात्रीच्या लग्नाच्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या रस्त्याच्या कडेला अजून पडलेल्या होत्या, झाडणाऱ्या मावशी त्या गोळा करत होत्या, आणि झेंडूचा वास चांगला पाव किलोमीटरभर सोबत होता. स्कूटरवरून तो कधी आला नव्हता. कर्वे रस्ता ओलांडताना सिग्नलला माझ्या शेजारी एक दूधवाले थांबले, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. "ऑफिसला का?" म्हणाले. हो म्हटलं. "मग पुढं राहा, गाडीवाल्यांना दिसाल असं." सिग्नल सुटल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत ते माझ्या उजव्या बाजूने चालले, मुद्दाम.

चाळीस मिनिटं लागली. स्कूटरला गर्दीत साधारण तेवढीच लागतात. मीनल, पंख्याखाली दहा मिनिटं बसण्याचा सल्ला लाख मोलाचा. जनरेटरमागचा कोपरा मिळाला आहे, वॉचमनकाकांनी तिथला जुना फळा हलवून जागा करून दिली.

संध्याकाळी चढ जाणवला. विठ्ठलवाडीपाशी एक घोट पाणी पिऊन पुढे निघाले. रात्री झोप कशी लागली ते लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

टॉपट्यूब | ४ मार्च

वा! अभिनंदन. डीपी रस्त्यावर कधी मागून घंटी ऐकू आली तर मी असेन.

कात्रजकर७ | ५ मार्च

मनापासून अभिनंदन. माझं मत तेच आहे, पण दूधवाल्यांचं वाचून बरं वाटलं. मित्राला पाठवलं, त्याने "डावीकडून घुसू नका" हे दोनदा अधोरेखित करून परत पाठवलं.

अनघा_आनंदनगर | ९ जून

आता पाऊस. मार्च ते मे निभावलं, उन्हाची सवय झाली. कालच्या पहिल्या मोठ्या सरीत ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागले. माझे रिमचे ब्रेक आहेत. काय काळजी घेऊ?

छत्तीसआरे | ९ जून

रिम ब्रेक ओले झाले की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पॅड नुसतं पाणी पुसतात, मग पकड येते. त्यामुळे आधीपासून हलके दाबत या. पॅडवरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर आत्ताच बदला. दर आठवड्याला रिम ओल्या फडक्याने पुसून घ्या, काळा थर आणि वाळू साचली की पॅड रिमलाच खातात. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवा, दांडीला अडकवायचे छोटे नकोत. चेन आठवड्यातून एकदा पुसून तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर, जास्तीचं पुसून टाका.

मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, झेब्रा पट्टे, चेंबरची झाकणं, यांवर पाऊस पडलेला असताना ब्रेकही नको आणि वळणंही नको. सरळ, शांत पार व्हा. साचलेल्या पाण्यात खड्डा दिसत नाही. पुढची बाइक जिथून गेली त्याच रेषेतून जा, पाणी फार असेल तर उतरा.

टॉपट्यूब | ९ जून

आणि नदीपात्राचा रस्ता आता विसरा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ताही. कधी कधी हे शहरात पाऊस नसतानाही होतं, कारण पाऊस वर धरणक्षेत्रात पडलेला असतो. गल्ल्यांचा रस्ताच बरा. फारच झोडपलं तर नळ स्टॉपला मेट्रो धरा, पुणे मेट्रोत सायकल नेता येते. कोर्टाच्या स्टेशनला उतरलात की ऑफिस आलंच.

मीनल_एरंडवणे | १० जून

पोंचो नको, वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि मागचं काही दिसत नाही. अंगाला बसणारं जॅकेट आणि पायात रबरी सँडल. भिजायचंच आहे असं धरून चाला आणि कपडे, टॉवेल, लॅपटॉप जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. ऑफिसात एक जोड चपला कायमच्या ठेवा.

अनघा_आनंदनगर | २ जुलै

एक बातमी आणि एक प्रश्न. ऑफिसात आणखी काहीजण सायकलने यायला लागलेत. लेखा विभागातली एक मुलगी वारज्याहून येते. जनरेटरमागचा कोपरा आता पुरत नाही. पुन्हा अर्ज दिला आणि व्यवस्थापनाने दोन मोटारींची जागा सोडायची तयारी दाखवली आहे. फॅब्रिकेटर माप विचारतोय. चाक अडकवायचे खाचांचे स्टँड करू की दुसरं काही?

छत्तीसआरे | २ जुलै

खाचांचे नकोत. त्यात फक्त चाक अडकतं, धक्का लागला की रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लावता येत नाही. उलट्या यू आकाराचे पाइप करून घ्या. जमिनीपासून उंची ७५ सेंटिमीटर, लांबी ७५ ते १०० च्या मधे, दोन पाइपांत एक मीटर अंतर. प्रत्येक पाइपाला दोन्ही बाजूंनी मिळून दोन सायकली लागतात. भिंतीपासून अर्धा मीटर तरी सोडा, नाहीतर कडेच्या पाइपाची एक बाजू वाया जाते. पाइप काँक्रीटमध्ये गाडायला सांगा, नुसत्या बोल्टवर नको.

आकुर्डीकर_निवृत्त | २ जुलै

आणि भिंतीला एक पंप लावून घ्या, साखळीने बांधून. आमच्याकडे होता.